चांदमारीवरची माणसं

उन्हं कलली की हातगाडीवरून माणसं घरी येत. "मानसं उनात वं, खळ उकळाले ठेव," असं माय ओट्यावरून हाक मारून सांगे आणि मी शाळेची पिशवी खुंटीला अडकवून चुलीपाशी जाई.

ही माणसं गोणपाटाची होती. सागवानी पट्ट्यांच्या चौकटीवर गोणपाट ताणून ठोकलेलं, त्यावर कागदाचे थर, आणि कागदावर मातकट रंगाने भरलेलं डोकं, मान, खांदे, छाती. चेहरा नसे. कमरेपाशी आकृती संपे आणि तिथून दोन दांडे निघत, चांदमारीच्या खंदकात उभं करण्यासाठी. सकाळभर पोलिसांतले नवे रंगरूट त्यांच्यावर गोळ्या झाडायला शिकत. दुपारी ती आमच्या ओट्यावर येत, आणि आम्ही मायलेकी त्यांची भोकं बुजवत असू.

आम्ही धुळ्याला पोलीस लाइनीच्या शेवटच्या चाळीत राहत होतो. तिच्यापुढे फक्त बाभळी, मग ओसाड माळ, आणि माळाच्या टोकाला मातीचा तो उंच बांध, ज्याच्यात गोळ्या जाऊन रुतत. आबा सशस्त्र पोलिसांत हवालदार होते आणि चांदमारीचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता. सत्तरीच्या दशकाची ती सुरुवातीची, पावसाने लागोपाठ पाठ फिरवलेली वर्षं. पांझरेच्या पात्रात वाळूखेरीज काही उरलं नव्हतं. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे. तिला सगळे मिलो म्हणत. तिची भाकरी थापताना हाताला चिकटे आणि भाजल्यावर तिला ओल्या पोत्याचा वास येई.

खळीसाठी मात्र सरकारातून गव्हाचं पीठ येई. ते कोणी खाऊ नये म्हणून त्यात आधीच मोरचूद मिसळलेलं असे. पिशवी उघडली की आत फिकट निळसर पीठ दिसे, आणि नाकात तांब्याच्या भांड्यात ताक कळकावं तसा एक वास शिरे. पाण्यात ते शिजू लागलं की निळं आणखी गडद होई, मग हिरव्याकडे झुके. मायची नखं बारा महिने निळी असत. भाकरी करण्याआधी ती हात राखेने तीन-तीनदा घासे आणि तरीही पहिली भाकरी गाईला टाकून देई. ज्या दिवशी गाय हुंगून निघून जाई, त्या दिवशी माय दुसरीही टाकी.

शेजारच्या खोलीत अक्का राहत. त्यांचे यजमान आबांच्याच तुकडीत जमादार होते, निवृत्तीला टेकलेले. अक्का मिलो पाखडता पाखडता आमच्या ओट्याकडे बघत आणि म्हणत, "आमना पोटले लाल मिलो, अन सरकारना कागदना मानूसले गहू! भलता न्याव शे."

"अक्का, तुमले खावाना शे का हाऊ गहू?" माय हसून विचारी. "या, देस वाटीभर."

"नको माय, आमले आजून जगनं शे." मग त्या ओळीने उभ्या केलेल्या आकृत्यांना हात जोडत. "राम राम हो पाव्हणा! आज कितल्या खाद्यात?"

सगळी लाइन या थट्टेला हसे. मीही हसे. पण अक्का कधी आमच्या ओट्याची पायरी चढल्या नाहीत. मीठ-मिरची मागायची तर त्या रस्त्यातूनच मागत.

भोकं बुजवण्याची मायची एक रीत होती. ती आकृती उचलून उन्हाकडे धरी. गोळीने पाडलेल्या प्रत्येक भोकातून प्रकाशाची एक बारीक काडी आत येई आणि मायच्या लुगड्यावर, कपाळावर, कधी डोळ्यावर टेके. जिथे जिथे उजेडाचा ठिपका पडे ते मी बोटाने दाखवायचं, तिने कागदाची चकती लावायची. भोकाची पुढची बाजू आत वळलेली, गुळगुळीत असे. मागची बाजू मात्र पाकळ्यांसारखी उमललेली, फाटलेली. माय आधी मागच्या पाकळ्या ओल्या बोटाने मिटवी, मग पुढून चकती बसवी. डोक्यापासून सुरुवात करी आणि छातीवर शेवट. एकदा मी घाईने आधी छातीचं भोक बुजवलं तर तिने माझा हात धरला. "तठे पहिले नको. श्वास कोंडास."

ती थट्टेत बोलली नव्हती.

नंतर आकृत्या भिंतीला टेकून वाळत. खळ सुकू लागली की कागद ताणला जाई, त्याच्याखालचं गोणपाट ताणलं जाई, आणि चौकटीतून आवाज येऊ लागे: बोटं मोडावीत तसा, आधी एका आकृतीतून, थोड्या वेळाने पलीकडच्या, मग मधल्या. कोणी कोणाला उत्तर देत असावं अशा अंतराने. मी पाढे म्हणत बसलेली असे. आवाज झाला की पाढ्यातला आकडा विसरायला होई. माय त्यांना नेहमी भिंतीकडे तोंड करून ठेवी, आणि तोंडच नसलेल्या आकृतीचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे तिला कसं कळतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मलाही ते कळत असे.

हे काम मायचं नव्हतं. ते खरं म्हणजे शिपायांचं काम. पण शिपाई धसमुसळेपणाने चकत्या लावत, दुसऱ्या दिवशी वाऱ्याने त्या सुटत, आकृत्या कमी पडत आणि सराव खोळंबे. मायने हे काम आपणहून घरी मागून घेतलं, आणि त्यामागे तिचा एक हिशेब होता. चांदमारी बिनबोभाट चालली की साहेब आबांना तिथून हलवत नसत. बंदोबस्ताला ट्रक निघत, कधी चोपड्याला, कधी साक्रीकडे. तुकड्या जात आणि येत. आबा मात्र बांधापाशीच राहत. आबांच्या हातासारखा हात साऱ्या जिल्ह्यात नाही असं साहेब स्वतः म्हणत. रंगरुटांना दाखवण्यासाठी आबा एकदाच गोळी झाडत आणि ती छातीच्या मधोमध जाई. मायला त्या हाताची भीती वाटे. त्या हाताने कागदाखेरीज काही फाटू नये, एवढंच तिला हवं होतं. मला ती स्पष्टच सांगे: "तुना आबा आठेच ऱ्हावाले पाहिजेत. म्हनीसन बठ्ठा भोकं मी बुजसू."

राज्य, शासन हे शब्द मी पुढे कॉलेजात वाचले. दंड देण्याचा अधिकार कोणाचा, तो कोणी मोजून-मापून वापरायचा, यावर जाड पुस्तकं होती. ती वाचताना माझ्या बोटांना मोरचुदाचा वास येई.

त्या दुष्काळातल्या एका वैशाखात एके सकाळी चांदमारीकडून आवाज आलाच नाही. लाइनीत आम्ही सगळे त्या आवाजावर उठत-बसत असू, त्यामुळे शांतता कानात दुखल्यासारखी झाली. मग पाण्याच्या टाकीपाशी ट्रक उभे राहिलेले दिसले. जळगावच्या पलीकडे एका बाजाराच्या गावात लोकांनी धान्याच्या गाड्या अडवल्या होत्या. दोन दिवस गाड्या जागच्या हलत नव्हत्या आणि गर्दी वाढत होती. माणसं कमी पडत होती, म्हणून साहेबांनी आबांचंही नाव घेतलं होतं.

आबा घरी आले ते पट्टा बांधतच. माय दारात उभी राहिली.

"तुमले कसाले? तुम्ही तं चांदमारीना."

"आज सगळेच," आबा म्हणाले. नोकरीने आबांची मराठी घासून शहरी झाली होती. घरात माय अहिराणीत बोले आणि ते असं तुटक उत्तर देत. "काळजी करू नको. नुसतं उभं राहायचं. गोळीचा हुकूम मॅजिस्ट्रेट देतो, आपल्या मनाने कोणी देत नाही. आधी भोंग्यावरून सांगायचं, मग लाठी. अगदीच वेळ आली तर गोळी, तीही कमरेखाली. असा नियम आहे. कोणी मरावं म्हणून मारत नाहीत."

"मंग कसाले मारतस?"

आबांनी टोपी नीट केली. ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांना बरं वाटलं असावं.

ते गेल्यावर लाइनीत पुरुष उरला नाही. ऊन इतकं की माळावरची हवा पाण्यासारखी हलत होती आणि त्या हलण्यात चांदमारीचा बांध कधी जवळ येई, कधी लांब जाई. आदल्या दिवशीच्या आकृत्या ओट्यावर होत्या. त्या कोरड्या ठणठणीत होत्या, एकही भोक न उरलेल्या. तरी त्या वाजत होत्या. मी मायला म्हटलं, तर ती म्हणाली, उन्हाने वाजत असतील. पण ती उठली आणि तिने त्या एकेक करून भिंतीकडून फिरवल्या, रस्त्याकडे तोंड करून. का, ते सांगितलं नाही. रस्ता निर्मनुष्य होता. त्या सगळ्या मिळून तो बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायने खळ शिजवली.

मला वाटलं, सवयीने. तिने चकत्या कापल्या, पातेलं ओट्यावर आणलं, पहिली आकृती मांडीवर आडवी घेतली आणि तिच्या छातीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, चकती बसवली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी. तळव्याने दाबून, कडा नखाने घट्ट करून, अगदी निगुतीने.

"माय, भोक कुठंय?"

"नही शे."

"मग?"

"पडाले नको म्हनीसन."

मी तिच्या पुढ्यात बसले आणि चकत्यांना खळ लावून देऊ लागले. रस्त्याच्या पलीकडे अक्का येऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांनी पाव्हण्यांना राम राम केला नाही. बऱ्याच वेळाने त्या पदराने तोंड दाबत रस्ता ओलांडून आल्या, पहिल्यांदाच आमच्या पायरीवर चढल्या, आणि मायच्या शेजारी बसून त्यांनी एक आकृती ओढून घेतली. "मन्हा जमादारनाबी नावनी लाव," त्या म्हणाल्या. उन्हं उतरेपर्यंत त्या सगळ्या छात्या ठिगळांनी इतक्या जाड झाल्या की त्यांना हात लावला तर फळीसारख्या लागत.

ट्रक परत आले ते तिसऱ्या दिवशी भर दुपारी. आबा सगळ्यांच्या मागून चालत आले. त्यांनी ओट्यावर बूट काढले, हंड्यातलं पाणी पायांवर घेतलं आणि पाय वाळेपर्यंत त्यांच्याकडेच बघत बसले. माय आतून आली. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. आधी विचारलं.

"हात उचला का तुम्ही?"

आबांनी मान हलवली. हो, अशी.

"मंग?"

"पडला एक. वयाने मोठा माणूस होता. डोक्याला उपरणं."

माय भिंतीला टेकून खाली बसली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. लाकूड तापलेलं होतं ते मला आजही तळहातात जाणवतं. मग आबा बोलू लागले ते अहिराणीत. मायशी ते कधी तसं बोलत नसत. त्यांच्या तोंडून ती बोली मी त्याआधी ऐकलेलीच नव्हती. तो आवाजच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला.

"हुकूम उना, खाले मारा. मी खालेच धरेल व्हती. पन खाले माले काहीच दिसनं नही. नुसती माती दिसनी." त्यांनी उजवा हात पालथा करून मायसमोर धरला. "छाती दिसनी अन हात वर गया. याले पाय माहीतच नहीत. याले पाय कोनी शिकाडाच नहीत."

मायने ओट्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. आकृत्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या, डोकं, खांदे, छाती, आणि कमरेखाली दोन दांडे. त्यांना पाय नव्हते. मी रोज त्यांना हात लावत होते आणि हे मला दिसलेलं नव्हतं. मायलाही नाही. वर्षानुवर्षं ज्यांनी त्यांच्यावर नेम धरला त्यांनाही नाही.

चौकशी झाली. भोंग्यावरून सूचना दिली होती का, हुकूम योग्य माणसाने योग्य वेळी दिला होता का, एवढं पाहिलं गेलं. सगळं नियमाप्रमाणे निघालं. साहेब स्वतः आमच्या ओट्यापाशी आले, पण वर चढले नाहीत. "मन घट्ट ठेव," ते आबांना म्हणाले. "तुझ्या एका गोळीने पुढच्या पन्नास गोळ्या वाचल्या. असा हात चांदमारीवर कुजवण्यात अर्थ नाही. यापुढे बंदोबस्ताला तू पुढच्या रांगेत."

साहेब वाईट माणूस नव्हते. माझ्या अभ्यासाची त्यांनी चौकशी केली, आणि जाताना ओट्यावरच्या जाड छात्यांवर बोट वाजवून म्हणाले, "काम मजबूत आहे वहिनींचं."

ते गेल्यावर मायने मिलोची रिकामी पोती उसवली. त्या दिवशी घरात चूल पेटली ती फक्त खळीसाठी. तिने पोत्यांचे लांब पट्टे कापले, ते दांड्यांभोवती गुंडाळून सुतळीने शिवले, वर कागद चढवला, निळी खळ फासली, आणि रंगाच्या उरलेल्या डब्यातून मातकट रंग भरला. मांड्या, गुडघे, पोटऱ्या. शेवटी तिने एकेका पायाला पाऊल काढलं, किंचित बाहेर वळलेलं, उभ्या माणसाचं असतं तसं. मी आत झोपायला गेले नाही; त्यांच्याकडे पाठ करायची मला भीती वाटली. इतके दिवस जे भिंतीला टेकलेले होते ते आता उभे होते.

आबांनी काही विचारलं नाही. सकाळी त्यांनीच ती माणसं हातगाडीवर चढवली आणि नेऊन खंदकावर लावली, पाय दिसतील इतकी उंच. पहिल्या रांगेतल्या रंगरुटांना त्यांनी सांगितलं, गुडघ्याखाली मारा. हे मी माळाच्या कडेच्या बाभळीखालून, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काही मुलं हसली. काहींच्या गोळ्या जमिनीत गेल्या. एकाची लागली: कागदाचा तो पाय थरथरला आणि आकृती उभीच राहिली.

मग साहेब आले. ते आधी हसले आणि मग गंभीर झाले.

"हे काय रे? पायाला लागली तर गुण कुठले द्यायचे? गुण छातीला असतात."

"साहेब, हुकूम पायाचा असतो," आबा म्हणाले.

"हुकूम जमावासाठी. चांदमारी शिकण्यासाठी. दोन्हींची गल्लत करू नको." आणि जरा थांबून, खालच्या आवाजात, "अरे, पाय शिकवले तर चोर-दरोडेखोरांपुढे ही पोरं काय करतील? वरून मंजुरी नाही याला."

पाय त्याच दुपारी कापले गेले. ते गोणपाट वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्या आकृत्यांच्या पाठीला अस्तर म्हणून ठोकलं.

त्यानंतर आबांनी एकच मागणी लावून धरली. रायफल नको. बढती नको म्हणून लिहून दिलं, साहेबांचा राग घेतला, आणि शेवटी त्यांना मिळालं ते काम कोणीच मागत नसे: खंदकात बसायचं. आकृत्यांच्या पायथ्याशी, जमिनीच्या खाली, डोक्यावरून गोळ्या जात असताना. प्रत्येक गोळीनंतर काठीच्या टोकाची पांढरी चकती वर करून ती कुठे लागली ते दाखवायचं. चुकली तर लाल निशाण हलवायचं. उरलेली सगळी नोकरी त्यांनी तिथे काढली. माय खळ शिजवत राहिली, कारण आकृत्या तयार नसत्या तर खंदकही गेला असता. अक्का म्हणत, "नवरा खड्डामा अन तुले सुख!" माय म्हणे, "खड्डामा शे, पन त्यासना हात रिकामा शे."

एकदा सुटीत मी डबा घेऊन गेले तेव्हा सराव सुरू व्हायला वेळ आहे असं वाटून खंदकात उतरले, आणि मी खाली असतानाच शिट्टी झाली. आबांनी मला खांद्याला धरून मातीशी दाबलं. खंदकात ओलसर गारवा होता आणि शिशाचा, जळक्या कागदाचा वास. गोळ्यांचा तिथला आवाज लाइनीत ऐकू येई तसा नव्हता. मांजरपाट टराटरा फाडावं तसा तो डोक्यावरून जाई, आणि त्याच्या मागून सावकाश, जणू आठवण झाल्यासारखा, बंदुकीचा आवाज येई. वर आकृतीची पाठ होती. तिच्यात उजेडाचा एक ठिपका उघडे, मग दुसरा. आबा चकतीकडे न बघता ती वर करत: छाती, छाती, खांदा, छाती.

मग एक गोळी वरून गेलीच नाही. आमच्या काठाच्या मातीत, दोन दांड्यांच्या मधे, पाय असते तर जिथे असते तिथे ती बसली. ढेकळं आमच्या डोक्यावर पडली. लांबून सराव घेणाऱ्या उस्तादाची शिवी ऐकू आली, आणि पाठोपाठ कोणाचं तरी हसू.

आबांनी लाल निशाण उचललं. नियमाप्रमाणे ते एकदा हलवून खाली घ्यायचं असतं; ते वर असेपर्यंत पुढची गोळी झाडत नाहीत. आबांनी ते वर केलं आणि तसंच धरून ठेवलं. पलीकडून ओरडून विचारत होते, काय झालं, निशाण का अडकलं. माझ्या केसांतली माती आबा डाव्या हाताने झटकत होते, आणि उजवा हात, काठी घट्ट धरलेला, वर होता.